समासातली नावं

बाइंडिंगवाल्या बाईंबद्दल मी लिहायला बसलो आहे खरा, पण मला त्या फारशा माहीत नव्हत्या, हे आधीच सांगून टाकतो. त्यांना चहात साखर किती लागायची, एकटीला घर खायला उठायचं का, आरशात बघून त्या कधी हसायच्या का, यातलं मला काही ठाऊक नाही. बेचाळीस वर्षं आम्ही एकाच रस्त्यावर राहिलो आणि त्यांच्या दुकानात मी बसलो मोजून अकरा दिवस. तेही कामाच्या निमित्ताने, आणि खरं बोलायचं तर भीतीपोटी. त्या गेल्या त्याला दोन महिने झाले. माझ्यापेक्षा लायक माणसाने त्यांच्याविषयी लिहायला हवं होतं. मी वाट पाहिली, कुणी लिहिलं नाही.

मी प्रार्थनामंदिराचा लेखनिक होतो. दुसऱ्यांनी सांगितलेलं सुवाच्य अक्षरात उतरवून काढायचं, एवढंच माझं काम. स्वतःचं काही लिहायची वेळ आली नाही. आली असती तर मी टाळली असती.

आमच्या मंदिरात दाराजवळ एका लाकडी तिवईवर पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, मोठी प्रत असते, उशीएवढी जाड. तिला दोरी बांधलेली आणि दोरीला पेन्सिल. ही पेन्सिलीची रीत पहिल्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, घालून दिली. त्यांचं सांगणं साधं होतं. देवाचा निरोप आणणारे संदेष्टे ओरडतात ते तुमच्यावरच ओरडतात असं समजून वाचा, आणि एखादं वचन बोचलं तर तिथे समासात आपलं नाव लिहा. मंडळीच्या, म्हणजे आमच्या प्रार्थनासभेच्या, पहिल्या नोंदवहीत हे स्पष्ट लिहिलेलं आहे, मी ते डोळ्यांनी वाचलं आहे.

रीत टिकली. एवढाच फरक पडला की लोक दुसऱ्यांची नावं लिहू लागले. कुणी सुरुवात केली याची नोंद नाही. यशया हा संदेष्टा गर्विष्ठ बायकांना झोडपतो तिथे समासात ‘शिंपीणबाई’, आणि त्याखाली वेगळ्या अक्षरात ‘तिची धाकटी जाऊसुद्धा’. यिर्मया म्हणतो की या लोकांनी वाहता झरा सोडून गळके हौद खणले, तिथे ‘दूधवाला. पाणी घालतो’. आमोस खोट्या तराजूवर चिडतो तिथे तर अर्धा बाजार लिहिलेला. आणि जिथे देव म्हणतो, भिऊ नकोस, मी तुझी हाक ऐकेन, तिथे मात्र सगळ्यांनी आपापली नावं घातलेली, दोनदोनदा गिरवून, काहींनी तर तारखेसकट. शापाच्या ओळीशेजारी स्वतःचं नाव लिहिलेला एकही माणूस मला त्या पुस्तकात सापडला नाही. मी शोधला होता.

पानं उलटताना लोक जिभेला बोट लावतात. संदेष्ट्यांच्या पानांचे कोपरे त्या थुंकीने तपकिरी होऊन कडक झाले होते. स्तोत्रांचे इतके नव्हते. मला त्या कोपऱ्यांची किळस यायची. मी रुमालाने पान धरायचो आणि मनात स्वतःला इतरांहून स्वच्छ समजायचो.

आता घडीवालीचं सांगतो. घडीवाली म्हणजे बाइंडिंगवाल्या बाईंची आई. तिचा नवरा बाइंडर होता. छापून आलेल्या मोठ्या कागदांच्या हाडाच्या पट्टीने घड्या घालून ती त्याला फर्मे तयार करून द्यायची, म्हणून घडीवाली. नवऱ्याचं दोन गल्ल्या पलीकडे दुसरं घर होतं. हे सगळ्या मंडळीला माहीत होतं आणि कुणाच्या तोंडून निघत नव्हतं, कारण तो पहिल्या बाकावर बसायचा. एके दिवशी घडीवालीने सोळा वर्षांच्या मुलीला घेतलं, हाडाची पट्टी पिशवीत टाकली आणि घर सोडलं. कागदवाल्याच्या गोदामामागे एक खोली होती, तिथे त्या दोघी दोन महिने राहिल्या. कागदवाला विधुर होता. बस, जिभेला हाड नसतं.

तेव्हाचे अध्यक्ष म्हणजे आताच्या अध्यक्षांचे वडील. आमच्याकडे ही खुर्ची घरातल्या घरातच फिरते. त्यांनी एका रविवारी होशेयाचा दुसरा अध्याय वाचला. त्या संदेष्ट्याला देवाने सांगितलं होतं, बदफैली बाईशी लग्न कर, म्हणजे तुझ्या उद्ध्वस्त घरात माझ्या लोकांना स्वतःचं तोंड दिसेल. देव हा नवरा आणि सगळे लोक मिळून ती बायको, जिला भाकरी, लोकर आणि तेल नवऱ्याने दिलं आणि जिने उपकार मानले यारांचे. पोरांनो, तुमच्या आईला जाब विचारा, असं तिथे म्हटलं आहे. अध्यक्षांचा आवाज भरदार होता. ते ‘आईला’ म्हणाले तेव्हा सगळ्यांच्या माना मागे वळल्या. मागच्या बाकावर आई बसली होती आणि शेजारी मुलगी.

दीडशे माणसांना संदेष्टा सांगत होता की ती बाई तुम्ही आहात. दीडशे माणसांनी देवाच्या जागी स्वतःला बसवलं आणि त्या बाईच्या जागेसाठी एक बाई शोधून काढली. नवरा पहिल्या बाकावर मान खाली घालून बसला होता, दुखावलेल्या देवासारखा. संध्याकाळी त्याला दुसऱ्या घरी जायचं होतं.

घडीवालीला मंडळीतून काढल्याचा ठराव त्याच दिवशी झाला. त्या दोघी निघून गेल्यावर सगळे वडीलधारे तिवईभोवती जमले. अध्यक्ष म्हणाले, “नाव लेखनिकच लिहील. त्याचं अक्षर मोत्यासारखं आहे.”

मी पेन्सिलीला टोक केलं. पहिलं टोक मोडलं म्हणून दुसरं केलं. होशेयाच्या दुसऱ्या अध्यायाच्या समासात मी ‘घडीवाली’ असं लिहिलं आणि शेवटच्या लीच्या वेलांटीला माझी नेहमीची शेपटी काढली. ती शेपटी मंडळीत प्रसिद्ध होती.

घडीवालीने पुढे स्वतःचं छोटं दुकान टाकलं. ती गेल्यावर मुलीने चालवलं. दोघी परत कधी मंदिराची पायरी चढल्या नाहीत.

गेल्या वर्षी मंदिराला शंभर वर्षं पूर्ण व्हायची होती. कमिटीची बैठक भरली. मी निवृत्त, पण इतिवृत्त लिहायला मलाच बोलावतात.

अध्यक्ष म्हणाले, “पुस्तक नवीन बांधून घ्यायचं. वर सोनेरी अक्षरं. आत पहिल्या कोऱ्या पानावर कमिटीची नावं.”

“आणि ती पेन्सिलीची घाण?” अध्यक्षांच्या पत्नी म्हणाल्या. त्या कमिटीत नव्हत्या, पण बैठकीत असायच्या. “मोठे पाहुणे येणार. सहज पान उलटलं तर? आपली धुणी त्यांच्यापुढे वाळत घालायची का?”

“पुसून टाकायची,” अध्यक्ष म्हणाले.

“सगळी नको हं. आशीर्वादाच्या पानांवरची राहू देत. सासऱ्यांचं नाव आहे तिथे.”

“बरोबर. लेखनिक, लिहा. शापाची पुसावी, आशीर्वादाची ठेवावी.”

मी लिहिलं.

हाताने शिवून बांधणारं शहरात दुसरं कुणी उरलं नव्हतं, म्हणून पुस्तक मला बाईंच्या दुकानात न्यावं लागलं. एका खिडकीची खोली होती. खिडकीखाली लांब टेबल, कोपऱ्यात लोखंडी दाबयंत्र, भिंतीला पुठ्ठ्यांची चवड, आणि सगळीकडे खळीचा आंबूस वास. बाईंच्या कानावर पेन्सिल, बोटांना सुकलेल्या खळीची सालपटं. त्यांनी पुस्तक दोन्ही हातांत तोललं.

“काय हो काका, अडला हरी आला वाटतं गाढवाच्या दारात?”

“तुमच्यासारखं हाताने शिवणारं कुणी नाही आता.”

“बघा, गाढव म्हटल्यावर तुम्ही नाहीसुद्धा म्हणाला नाहीत.” त्या हसल्या. मी कामाची चिठ्ठी पुढे केली. ती वाचून त्या म्हणाल्या, “अक्षर काय सुरेख आहे हो तुमचं.”

चिठ्ठीत ‘कमिटीने मंजुरी दिली’ असं होतं. दिली. शेपटीसकट.

“होशेयाचा दुसरा अध्याय कुठे येतो?” त्यांनी एकदम विचारलं.

“बराच पुढे. यशया, यिर्मया, यहेज्केल, मग दानीएल, मग तो.”

“मी क्रमाने जाणार. आधी उसवायचं, मग पुसायचं, मग शिवायचं. तिथे आईचं नाव आहे ना? मला बघायचंय ते कुणाच्या हातचं आहे.” त्या चिठ्ठीची घडी घालत बोलत होत्या. “आई म्हणायची, बघून काय करणार. पण मला वाटतं बाबांनीच लिहिलं. बाबा शेवटच्या घटका मोजत होते तेव्हा निरोप आला होता, पाणी पाजायला ये म्हणून. मी सांगून पाठवलं, ज्या हाताने ते नाव लिहिलं त्याला माझ्या हातचं पाणी नाही. गेले नाही. आता पुस्तक आपल्या पायांनी दारात आलंय. बाबांचं अक्षर मी झोपेत ओळखेन. एकदा खात्री करून घेते.”

तिथेच सांगायला हवं होतं. मी विचारलं, “दोरा कोणता वापरणार?”

“पांढरा,” त्या म्हणाल्या.

तेव्हापासून मी रोज जाऊन बसू लागलो. देखरेख, असं कमिटीला सांगितलं. त्या शिळ्या पावाचा मऊ गर घेऊन पान पुसायच्या. खोडरबराने जुना कागद फाटतो म्हणे. गर समासावर फिरवला की त्याच्या काळ्या गोळ्या व्हायच्या, झुरळाच्या लेंड्यांसारख्या. थुंकी, तेल, पेन्सिल, बोटांचा मळ, सगळं त्यात यायचं. पानांमधून केस निघाले, माशीचा पंख निघाला, कंगव्याचा तुटका दात निघाला. दिवसाअखेरी त्या सगळं कागदावर झाडून माझ्यापुढे धरायच्या.

“घ्या. शंभर वर्षांची भक्ती.”

मी तोंड फिरवायचो.

पुसण्याआधी त्या प्रत्येक नाव मोठ्याने वाचायच्या. “शिंपीणबाई. परत शिंपीणबाई. काका, या बाईने तुमच्या लोकांचे कपडे तंग शिवले होते का हो? ‘गाढव’, नुसतंच गाढव, नाव नाही. हे कुणीही घ्यावं. ‘माझा साडू’. अहो, साडू कुणाचा ते तरी लिहायचं!” मी हसायचो, आणि मनात पानं मोजायचो. यशया संपला. यिर्मया पाच दिवसांत संपला.

यहेज्केलाच्या एका अध्यायापाशी त्यांचा हात थांबला. तिथे एका मुलीची गोष्ट आहे. जन्मल्याबरोबर शेतात टाकून दिलेली, नाळ न कापलेली, कुणी न धुतलेली. कुणीतरी तिला उचलतो, न्हाऊ घालतो, रेशमी नेसवतो, दागिन्यांनी मढवतो. ती देखणी होते, देखणेपणाचा तिला माज चढतो, आणि त्याच दागिन्यांच्या ती मूर्ती करून परक्यांच्या मागे लागते.

“हे कुणाबद्दल आहे?” त्यांनी विचारलं.

“एका शहराबद्दल. तिथल्या सगळ्या लोकांबद्दल. बाई ही उपमा आहे.”

“असं होय. उपमा तुम्हाला आणि शिक्षा माझ्या आईला.”

पावाचा गर त्यांनी पुन्हा हातात घेतला. त्या अध्यायाच्या समासात नऊ बायकांची नावं होती. पुरुष एकही नाही. मी त्यांना बोलता बोलता पहिल्या पाळकांची मूळ रीत सांगितली, म्हणजे स्वतःचं नाव लिहायची. का सांगितली कोण जाणे. बहुतेक मी त्या लोकांपेक्षा जास्त जाणतो हे दाखवायला.

नवव्या दिवशी त्या खळ शिजवायला मागच्या बाजूला गेल्या. खळ लागू नये म्हणून तिथून हलता येत नाही. उसवलेल्या फर्म्यांची चवड माझ्यापुढे होती. मी होशेयाचा फर्मा काढला. बेचाळीस वर्षांनी मला माझं अक्षर दिसलं. आणि लाज वाटायच्या आधी, खरं सांगतो, क्षणभर मला ते आवडलं. किती गोलाई होती त्यात. मग मात्र लाज वाटली. मी पावाचा तुकडा घेतला आणि ते नाव पुसलं. काळी गोळी बोटाला चिकटून राहिली. कुठे टाकावी सुचेना, म्हणून मी ती खिशात घातली.

अकराव्या दिवशी त्या होशेयाला पोचल्या. त्या दिवशी त्यांनी हात धुतले, पुसले, आणि मग पान घेतलं. वरून खाली पाहिलं. पुन्हा पाहिलं.

“इथे नाही.”

“दुसऱ्या पानावर असेल,” मी म्हणालो.

“बाकी सगळा समास मळलेला आहे आणि एवढीच जागा स्वच्छ. ही माझी पुसण्याची तऱ्हा नाही, काका. मी कडेकडून आत येते.”

त्यांनी पान खिडकीशी नेलं आणि उजेडात आडवं धरलं. पेन्सिल गेली तरी कागदात खाच राहते, हे मला तोवर माहीत नव्हतं. चार अक्षरं. आणि शेपटी. त्यांनी खणातून माझी चिठ्ठी काढली, घडी उलगडली आणि त्या पानाशेजारी धरली. एका शेपटीवरून दुसऱ्या शेपटीवर बोट नेलं.

“बाबांचं नाही.”

“नाही,” मी म्हणालो. “माझं आहे.”

“पुसलंत कधी?”

“परवा. तुम्ही खळ शिजवत होतात.”

“इतकं दाबून कुणी लिहितं का हो?”

“छान दिसावं म्हणून.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं त्या कागदावर झाडून काढलेल्या गोळ्यांकडे पाहायच्या. मग विचारलं, “बाबा होते तिथे?”

“होते.”

“काही म्हणाले?”

ते रडले असं सांगितलं असतं तर पाणी न पाजल्याचं बाईंना जन्मभर लागलं असतं. बाबांनीच लिहायला लावलं असं सांगितलं असतं तर बाईंचं मन शांत झालं असतं. मला दोन्ही खोटं सुचत होतं आणि दोन्हींत माझीच सोय दिसत होती. म्हणून जे झालं तेच सांगितलं.

“वाकून बघितलं, आणि म्हणाले, अक्षर सुरेख आलंय.”

बाईंनी चिठ्ठीची परत घडी घातली. “म्हणजे मी गेले नाही ते चुकलं की बरोबर?”

“मला नाही सांगता येणार.”

“मलाही नाही येत आता.” त्यांनी कानावरची पेन्सिल काढून माझ्यापुढे धरली. “मूळ रीत काय म्हणालात? स्वतःचं नाव ना? घ्या. जागा मोकळी आहे.”

“चष्मा आणला नाही,” मी म्हणालो.

चष्मा माझ्या नाकावर होता. त्यांनी तो पाहिला, पेन्सिल परत कानावर ठेवली आणि पुढच्या पानाला हात घातला. मी घरी गेलो. पुन्हा बसायला गेलो नाही.

पुस्तक वेळेवर आलं. काळी कातडी बांधणी, सोनेरी अक्षरं, पाठ अशी सरळ की ओळंबा लावावा. पाहुणे आले, त्यांनी एकही पान उलटलं नाही, फक्त वरून हात फिरवून फोटो काढला. ते गेल्यावर लोक रांग लावून आशीर्वादाच्या पानांवर आपापली नावं बघायला आले. आणि बोंब उठली. पानं कोरी होती. बाईंनी शापाची पुसली आणि आशीर्वादाचीही पुसली, एक नाव ठेवलं नव्हतं.

“आमच्या आजोबांचं नाव होतं!”

“माझं तर मी तीनदा गिरवलेलं!”

“आईचे गुण पोरीत उतरणारच,” अध्यक्षांच्या पत्नी म्हणाल्या. नाकाने कांदे सोलावेत ते यांनीच. संदेष्ट्यांची पानं कुणी उघडलीसुद्धा नाहीत.

अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. “लेखनिक, तिला एक कडक पत्र लिहा. तुमच्या अक्षरात. पुस्तकाची विटंबना केली म्हणून.”

मी नाही म्हणायला हवं होतं, आणि का ते सगळ्यांसमोर सांगायला हवं होतं. मी म्हणालो, “हात कापतो हल्ली.” उभ्या आयुष्यात मी अध्यक्षांना दिलेला हा एकमेव नकार, आणि तोही आजारपणाच्या आडून. दुसरं कुणी सुवाच्य लिहिणारं नव्हतं, म्हणून पत्र राहून गेलं.

बाई गेल्या तेव्हा मंडळीतून अंत्यविधीला मी एकटाच गेलो होतो. आता पुस्तकाला नवी दोरी बांधली आहे. दोरी नव्हे, साखळी, आणि तिला बॉलपेन, म्हणजे पुन्हा कुणी पुसू नये. पहिल्याच आठवड्यात यशयाच्या गर्विष्ठ बायकांशेजारी निळ्या शाईत ‘बाइंडिंगवाली’ असं उमटलं. अक्षर गचाळ आहे. मी रोज ते पाहतो. बॉलपेन हातात घेतो, होशेयाचं पान काढतो, आडवं करून ती खाच बघतो, आणि पुस्तक मिटतो. अजून लिहिलेलं नाही.

बाईंना शेवटचं भेटलो ते पत्राची गोष्ट झाल्यावर चारएक दिवसांनी. दुपार होती. त्या कसल्याशा वह्यांना पुठ्ठे चिकटवत होत्या. मी दारातच उभा राहिलो.

“मला पत्र येणार होतं म्हणे,” मान वर न करता त्या म्हणाल्या.

“नाही येणार. माझा हात कापतो.”

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. तो चौकटीवर होता, स्थिर. “असं का,” त्या म्हणाल्या आणि पुठ्ठ्यावरून हाडाची पट्टी फिरवू लागल्या. ती आईचीच असावी, कडा झिजून पिवळी पडली होती. मी निघालो.

“काका, जाताना दार ओढून घ्या. ओल्या पुठ्ठ्याला वारा लागला की वाकतो.”

“कडी लावू का?”

“कडी नको. नुसतं ओढा.”